दुसरी जांभूळ

सुरगाण्याच्या अलीकडे जो घाट लागतो, त्यातल्या वळणांना नंबर नाहीत, नावं आहेत. ती सरकारनं दिलेली नाहीत, ड्रायव्हरांनी दिली आहेत. साखरेचा ट्रक उलटला ते साखरेचं वळण. त्या साली खालच्या पाड्यांवर दोन महिने चहा गोडमिट्ट होता म्हणतात. लग्नाचा ट्रक पालथा झाला ती वरात. एका फौजदारानं जीपमधून डोकं बाहेर काढून ओकारी केली ते फौजदाराचं वळण. तो फौजदार पुढे बढत्या घेत घेत निवृत्त झाला, तरी इथं तो अजून ओकतोच आहे. एकदा नाव पडलं की पडलं, त्यावर अपील नाही.

हे आधी सांगायचं कारण एवढंच की मला सहादू गांगुर्डेची हकिकत सांगायची आहे आणि ती अशाच एका नावाची हकिकत आहे.

मी धोंडीराम. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण किती मिनिटं उशिरा आला हे लिहिणं माझं काम, त्यामुळे लोकांचं माझ्यावर प्रेम बेताचंच. सहादू आमच्याकडे १९७९ साली कामगारांच्या बसवर ड्रायव्हर म्हणून आला. चाळिशीच्या आसपासचा, काळा, उंच, उजवा पाय कमरेपासून आखूड झालेला. बस इतकी सावकाश चालवायचा की पहिल्या पाळीचे लोक मागून ओरडायचे, "सहादूभाऊ, बस हाय का मयत?" तो वळूनसुद्धा बघायचा नाही. सायकलवाल्यालाही आधी जाऊ द्यायचा. हा माणूस लागोपाठ तीन वर्षं रॅली जिंकलेला आहे असं कुणीतरी मला सांगितलं, तेव्हा मी हसलो होतो.

पण ते खरं होतं. सहादू वणी-सुरगाणा रस्त्यावर जीप चालवायचा. आत बारा, टपावर सहा आणि मागच्या फळीवर उभा राहून दांडा पकडणारा मल्हारी भोये. मल्हारी सहादूच्याच वयाचा, घाटाखालच्या आंबेपाड्याचा, सातवी पास. दोघं एका ताटात जेवायचे. नाशकात आग्रा रोडला वाल्मीकशेठचं गॅरेज होतं. मुंबईच्या एका मोटार क्लबानं नाशिकहून सुरू होणारी दोन दिवसांची रॅली काढली, तेव्हा शेठला गॅरेजचं नाव करायची हौस आली. त्यानं घाटात सहादूची जीप एकदा मागून पाहिली आणि त्र्याहत्तर साली त्याला पगारावर ठेवला. अकरा महिने गिऱ्हाइकांच्या गाड्या पोचवायच्या आणि एक महिना रॅली.

रॅलीत ड्रायव्हर एकटा नसतो. शेजारी एक वाचणारा लागतो. पुढे कोणतं वळण येतंय, डावं की उजवं, गाडी दाबायची, आहे त्या वेगात धरायची की पाय उचलून सोडायची, हे तो आधीच ओरडून सांगतो. ड्रायव्हरला धुरळ्यात दिसत नसलं तरी त्यानं त्या आवाजावर गाडी घालायची. मुंबईच्या लोकांकडे टंकलिखित इंग्रजी कागद असायचे. सहादूला सही करता यायची, पण वाचायला बसला की घाम फुटायचा. तो म्हणाला, वाचायला मल्हारी. मल्हारीनं शाळेची रेघी वही घेतली आणि लिहिलं, ‘साखर, डावं, धर. वरात, उजवं, सोड. फौजदार, डावं, दाब.’ मुंबईकर पोट धरून हसले. मग निकाल लागला आणि हसणं थांबलं. पंचाहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर, तिन्ही वर्षं कप वाल्मीकशेठच्या काचेच्या कपाटात गेला.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात मल्हारी गेला.

त्या घाटात जांभळाची दोन झाडं होती. पहिली जांभूळ वर, तिथं वळण डावं आणि उघडं, गाडी दाबून काढायची. दुसरी जांभूळ अर्धा मैल खाली, तिथं वळण उजवं आणि आत आत मिटत जाणारं, तिथं गाडी सोडायची. दुसऱ्या जांभळीपासूनच आंबेपाड्याची पायवाट उतरते, म्हणून एसटी तिथं थांबायची. त्या सालच्या रॅलीत सहादूची फियाट दुसऱ्या जांभळीशी वेग न सोडता गेली, झाडाला घासून दरीत पडली. मल्हारी जागच्या जागी गेला. सहादूच्या कमरेचा चुरा झाला. झाड अर्धं मोडलं होतं, उरलेलं लोकांनी सरपणाला नेलं.

क्लबाच्या तिघांनी दवाखान्यात येऊन चौकशी केली. सहादूनं सांगितलं, "धुरळ्यात दिसत नव्हतं. मल्हारीनं ‘पहिली’ म्हणून सांगितलं." तिघांनी मान हलवली, लिहून घेतलं. वाचणाऱ्याची चूक. सहादूचं लायसन वाचलं. क्लबानं रॅलीच बंद केली.

आणि घाटानं आपलं काम केलं. झाड नव्हतं, तर दुसरी जांभूळ म्हणणार कशाला? वळणाला नाव पडलं, मल्हारीची चूक. आधी ट्रकवाले म्हणायचे, मग जीपवाले, मग एसटीचे कंडक्टर. "चला, मल्हारीची चूक, मल्हारीची चूक कोण हाय?" असं ओरडून ते घंटी मारायचे आणि आंबेपाड्याची माणसं पिशव्या घेऊन उतरायची. पाचसहा वर्षांत शाळेतली पोरंसुद्धा तेच म्हणायला लागली, आणि मल्हारी कोण होता हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

सहा-सात वर्षं सहादू एकलहऱ्याची बस चालवत राहिला. मग शहाऐंशी साली क्लबाला पुन्हा हुरूप आला. वाल्मीकशेठ स्वतः आमच्या गेटवर आला. सहादू नको म्हणाला, दुसऱ्यांदा आला तेव्हाही नको म्हणाला. तिसऱ्या वेळेला शेठनं नुसतं एवढंच सांगितलं की यंदाही रस्ता त्याच घाटातून आहे, आणि सहादू हो म्हणाला. वाचायला माणूस हवा होता. "ते टाइम ऑफिसवाले भाऊसाहेब चालतील," सहादू म्हणाला, "अक्षर चांगलं हाय आन् मिनिटाला सोडत नाय." मी पस्तिशीचा, चष्मा लावणारा कारकून. जन्मात कुणी मला कशाला निवडलं नव्हतं. मी रजेचा अर्ज त्याच दुपारी टाकला.

रॅलीच्या पंधरा दिवस आधी आम्ही जीपनं रस्ता बघायला निघालो. सहादू सांगत होता, मी वहीत लिहीत होतो. जीपमध्ये बसला आणि माणूस बदलला. बसवरचा मयत सहादू कुठल्या कुठे गेला. हात हलके, डोळे दोन वळणं पुढे. साखर, वरात, फौजदार, पहिली जांभूळ लिहून झाली. पुढच्या वळणाशी मी विचारलं, "हे मल्हारीची चूक ना?"

"ते नाव लिहू नका."

"मग काय लिहू?"

"दुसरी जांभूळ."

मी खाली वाकून पाहिलं. एकही झाड नव्हतं, नुसता दगडाचा कठडा. याला म्हातारपण लवकर आलं, असं मनात म्हणून मी लिहिलं.

परत वर चढताना रस्त्याच्या कडेनं एक बाई चालताना दिसली. डोक्यावर बोचकं, पायात काही नाही, ऊन रणरणत होतं. घाटात जीपवाल्यानं बाईमाणसाला विचारायचं ही तिकडची रीतच आहे. सहादूनं गाडी हळू केली नाही, म्हणून मीच त्याच्या हातावर हात ठेवून थांबवायला लावली.

"कुठं जायचं बाई?"

"खाली."

"खाली कुठं? मल्हारीची चूक? बसा, वळवून सोडतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यापलीकडे, सहादूकडे. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मी चालंन." आणि चालायला लागली.

सहादूनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "मल्हारीची बायको हाय ती, भाऊसाहेब. झुंबर वहिनी."

सहादूनं सांगितलं की सात-आठ वर्षं ही बाई अलीकडच्या पाण्याच्या टाकीचंच तिकीट काढते आणि तिथून दीड मैल चालत येते. कारण आपल्या थांब्याचं तिकीट मागायचं तर कंडक्टरसमोर ते शब्द तोंडानं म्हणावे लागतात. इतर बायकांनी, पोरांनी म्हटलं तर म्हटलं. हिनं कसं म्हणायचं? सगळ्या जीपवाल्यांना हे ठाऊक होतं. मला तेवढं ठाऊक नव्हतं.

"चूक त्याची होती, त्याला ती तरी काय करणार," मी म्हणालो. समजूत घालायची म्हणून काहीतरी बोललो.

"त्याची नव्हती."

जीप बंद होती. सहादू समोरच्या काचेकडे बघून बोलला. "त्यानं दुसरीच सांगितली व्हती. दोनदा. ‘दुसरी जांभूळ, उजवं, सोड. सोड सहादू.’ नाव घेऊन सांगितलं. मुंबईची गाडी पुढं धुरळ्यात दिसत व्हती. मला वाटलं, घेतो हिला. पाय उचललाच नाय मी."

"मग चौकशीत?"

"त्यांनी इचारलं, तो काय म्हणाला. मी म्हणलं, पहिली. येवढाच शबूद, भाऊसाहेब. लायसन गेलं आस्तं. वाटलं, तो तर गेलाच हाय, त्याला आता काय फरक पडतोय. नाव पडंल हे कुठं माहीत व्हतं?"

मला इतका संताप आला की मी जीपमधून खाली उतरलो. त्या माणसाचे हात मी सकाळपासून कौतुकानं बघत होतो, त्याच हातांची मला किळस आली. मी म्हणालो, "गाडी वळवा. ती अजून रस्त्यात आहे. आत्ता सांगा."

"रॅली झाल्यावर सांगतो."

"का?"

"आता सांगितलं तर शेठ गाडी काढून घेईल. मला एकदा ते वळण नीट काढायचंय. त्यानं सांगितलं तसं. मग समद्यांसमोर सांगतो, आईशप्पथ."

मी नाही म्हणायला हवं होतं, वही त्याच्या अंगावर फेकून एसटीनं घरी यायला हवं होतं. पण माझ्या नावाचा रेसिंगचा पांढरा अंगरखा शिवायला टाकलेला होता, ऑफिसात पेढे वाटून झाले होते. मी परत जीपमध्ये बसलो. सहादूला शिव्या देताना हे मी विसरत नाही.

डिसेंबरात रॅली झाली. पहिल्या दिवशी सहादूनं असा काही हात दाखवला की पस्तिशीच्या आतले मुंबईकर ड्रायव्हर संध्याकाळी त्याचा आखूड पाय बघायला येऊन गेले. आम्ही चाळीस सेकंदांनी पुढे होतो. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास घाटात शिरलो. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. साखर, डावं, धर. वरात, उजवं, सोड. फौजदार, डावं, दाब. पहिली जांभूळ, डावं, दाब. फियाट कण्हत होती, माझे दात एकमेकांवर आपटत होते.

दुसऱ्या जांभळीपाशी पाचेकशे माणसं जमली होती. रॅली बघायची तर माणसं मल्हारीच्या चुकीवरच जाणार, तिथंच मजा. मी वाचलं, "दुसरी जांभूळ, उजवं, सोड." आणि मग वहीत नसलेलं माझ्या तोंडून गेलं, "सोड, सहादू!"

त्यानं पाय उचलला. गाडी आत झुकली, कठड्याला हातभर अंतर ठेवून वळली आणि सरळ झाली. इतकं साधं होतं ते. मग त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली.

दार उघडून तो उतरला, लंगडत मागे गेला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "मल्हारीची चूक नव्हती! त्यानं बरोबर सांगितलं व्हतं! चूक माझी व्हती!"

शिट्ट्या आणि ढोलकी चालू होती. मागच्यानं पुढच्याला विचारलं, "काय म्हणतो?" पुढचा म्हणाला, "म्हणतो, चूक झाली." "काय मोडलं?" "पेट्रोल संपलं वाटतं." दहाबारा जणांनी सहादूला धरून, जवळजवळ उचलून, गाडीत आणून बसवलं. तो हात सोडवून घेत होता, ओरडत होता, आणि लोक म्हणत होते, "घाबरू नका काका, होतंय!" मागून दुसऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. लोक मागच्या डिकीला भिडले, हुप्पा हुय्या केलं आणि आम्हाला उतारावर ढकलून दिलं.

आम्ही तिसरे आलो.

शेवटच्या ठिकाणी सहादूनं क्लबाच्या लोकांना पुन्हा सगळं सांगितलं. हातात चहाचा कप घेतलेले एक गृहस्थ, आठ वर्षांपूर्वीच्या चौकशीतलेच एक, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गांगुर्डे, मनाचा मोठेपणा आहे तुमचा. मेलेल्या मित्राचं अंगावर घेताय. असे लोक राहिले नाहीत." सहादू म्हणाला, "साहेब, मी खोटं बोललो व्हतो." ते म्हणाले, "कळतं हो आम्हाला." आणि दुसऱ्याशी बोलायला लागले. मीही साक्ष द्यायला पुढे झालो, तर मला विचारलं, तुम्ही होता का तेव्हा गाडीत?

दोन दिवसांनी एका दैनिकात फोटोसकट आलं, ‘गांगुर्डे यांचे झुंजार पुनरागमन. मल्हारीच्या चुकीवर गाडी थांबवून दिवंगत सहकाऱ्यास श्रद्धांजली.’ तोवर ते नाव तोंडातोंडीच होतं, आता ते छापून आलं. पुढच्या महिन्यात थांब्यापाशी कुणीतरी पत्र्याला रंगवून लावलं, ‘मल्हारीची चूक’, सुबक अक्षरात.

मग आम्ही दोघं आंबेपाड्याला गेलो. झुंबरबाई अंगणात नागली पाखडत होत्या. सहादू उंबऱ्यापाशी उभा राहून बोलला, एकही शब्द गाळला नाही. त्या पाखडत राहिल्या. तो थांबल्यावर सूप खाली ठेवलं.

"मला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "बारका व्हता तवापासून त्या जांभळीखाली उतरायचा तो. बाजारातून आला का तिथंच बसून इडी प्यायचा. मानूस आपला थांबा चुकंल का, दादा?"

ही गोष्ट इतकी सरळ होती, आणि चौकशीवाल्यांना नाही, घाटाला नाही, गावालाही सुचली नव्हती.

"वहिनी, तुमी सांगाल तिथं सांगतो. कुनाला सांगू?"

"मला सांगून काय? मला ठाव हाय." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "कंडक्टरला सांगा."

त्या दिवसानंतर सहादू रॅलीच्या गाडीत बसला नाही. शेठ आला, मुंबईचं बोलावणं आलं. सगळ्यांना त्यानं नाही म्हणून सांगितलं. रविवार आला की तो नाशकातून सुरगाण्याची एसटी धरायचा आणि तिकीट मागायचा, "एक दुसरी जांभूळ." कंडक्टर म्हणायचा, "असा थांबा नाय." हा म्हणायचा, "हाय." मागचे लोक ओरडायचे, "मल्हारीच्या चुकीचं द्या हो त्यांना, दर रविवारी डोकं खातात." तिकीट फाडलं जायचं. एक-दोन कंडक्टरांना त्यानं सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, हळहळले आणि वळण आल्यावर सवयीनं ओरडले, "चला, मल्हारीची चूक!"

मग त्याच्या डोक्यात आलं की झाड लावावं. झाड आलं की लोक आपोआप जांभूळ म्हणतील. मी म्हणालो, "सहादूभाऊ, त्याला दहा वर्षं लागतील." तो म्हणाला, "आठ वर्षं मीच घालवली हायेत, भाऊसाहेब." पहिलं रोप शेळ्यांनी खाल्लं. दुसरं रस्ता रुंद करताना खडीखाली गेलं. तिसऱ्याला त्यानं बोराटीचं कुंपण केलं आणि रविवारी पत्र्याच्या डब्यातून एसटीत पाणी न्यायला लागला. डबा सांडला की प्रवासी खेकसायचे. तो ओल्या पायजम्यानं तसाच बसून राहायचा.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. शेवटी शेवटी मला एवढंच म्हणाला, "पाणी घालाल का?" मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी मी डबा घेऊन सुरगाणा गाडीत चढलो. लग्नसराई, गाडी खच्चून भरलेली, मी एका पायावर उभा. पुढच्या बाकावर झुंबरबाई बसलेल्या दिसल्या. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली. कंडक्टर नवा होता, घामाघूम झालेला.

"कुठं?"

"एक दुसरी जांभूळ."

"काय?"

"दुसरी जांभूळ. फौजदाराच्या वळणाच्या खाली."

"तसला थांबा नाय. लवकर बोला, लोक हायेत मागं."

"अहो, आंबेपाड्याची वाट जिथून..."

मागून कुणीतरी रेटलं. डब्यातलं पाणी एका म्हातारीच्या लुगड्यावर सांडलं आणि ती तडकली. कंडक्टरनं पंच कटकट वाजवला. "बोला ना राव!"

"मल्हारीची चूक," मी म्हणालो.

त्यानं लगेच तिकीट फाडलं.

झुंबरबाई वळल्या नाहीत. पाण्याची टाकी आली, घंटी वाजली, त्या बोचकं उचलून नेहमीसारख्या उतरल्या आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागल्या. मलाही तिथं उतरता आलं असतं. पण माझं तिकीट पुढचं होतं.